सिवनीहून आलेलं रक्त

आमच्या घरात पावसाळ्यात सगळ्यात कोरडा कोपरा तेंदूपत्त्याला मिळायचा. माणसं उरलेल्या जागेत. पान ओलं झालं की बिडी वळत नाही, आणि बिडी वळली नाही की चूल पेटत नाही, हे आम्हाला बाराखडीच्या आधी कळलं. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत मांडीवर सूप घेऊन बसलेल्या आई आणि ताई. आमचे लोक मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा जबलपूरला आले तेही बिडीच्याच कामाला. वडील त्यातून सुटले म्हणायचं तर मालधक्क्यावर हमाल झाले. सिमेंटच्या गोण्या वाहून त्यांची छाती गेली आणि मी सातवीत असताना त्यांनी खाट धरली. त्यानंतर आमच्या घराचा आवाज म्हणजे त्यांचा खोकला.

सट्टेदाराचा, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराचा, माणूस संध्याकाळी माल घ्यायला बसायचा. मूठभर बिड्या उचलायचा, कमी भरल्या म्हणायचा आणि बाजूला टाकायचा. त्या बाजूला टाकलेल्या बिड्याही जाताना तोच घेऊन जायचा. आई काही बोलायची नाही. बोललं तर उद्या पानं मिळायची नाहीत.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वडील खाटेला लागले तेव्हा तिची शाळा सुटली. ती हुशार होती की नाही मला सांगता येत नाही, कारण कुणी कधी तपासलंच नाही. मी रडले, म्हटलं मीही जात नाही शाळेत. तर ती म्हणाली, "दोघी बसलो तरी सूप एकच आहे. तू जा. तुले तसंही बिडी धड वळता येत नाही, नुसतं पान फाडून राहिली."

खरं होतं ते. मला वळता यायची नाही. मला कापायला ठेवायचे. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं कैची फिरवायची. ते मात्र मी अंधुक उजेडातही करायची.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली, आमच्या गल्लीतली पहिली मुलगी. मी हे हळू आवाजात सांगत नाही, आईही सांगायची नाही. तिनं विहारात खीर वाटली. कुणी विचारलं, कशात झाली? आई म्हणाली, "जनावरांचं शिकली." एक काकू म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे ढोरांची डॉक्टर! चला, आमची शेळी दाखवू." झूलॉजी म्हणजे काय ते मी बरंच समजावलं, पण शेळी आलीच.

नोकरी लागली ती सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्यात. बाहेर आंब्याचं झाड, आत गुणसूत्रांची प्रयोगशाळा. आमच्या मॅडम डॉक्टर होत्या, हिंदी बोलायच्या, चिडल्या की 'आप' म्हणायच्या आणि एरवी 'बेटा'. त्यांच्या हाताखाली मी आणि सागर शहराकडची आणखी एक मुलगी. आम्ही तिला इथे सागरवाली म्हणू, सगळे तेच म्हणायचे.

काम काय, ते थोडक्यात सांगते. माणसाच्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून. एरवी ती दिसत नाहीत. पेशी दुभंगायच्या बेतात असते त्या थोड्या वेळापुरती ती आखडून जाड होतात, तेव्हाच दिसतात. म्हणून आम्ही रक्त घेतो आणि ते वाढवतो. गुलाबी रंगाचं पोषक पाणी असतं, त्यात रक्ताचे थोडे थेंब टाकून अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात तीन दिवस ठेवायचं. त्या पेशी जिवंत पाहिजेत, ही पहिली आणि शेवटची अट. तिसऱ्या दिवशी एक औषध घालून त्यांना अर्ध्यात थांबवायचं, पाण्यानं फुगवायचं, मग उंचावरून एक थेंब काचेवर टाकायचा. थेंब आदळला की पेशी फुटते आणि गुणसूत्रं पसरतात. जबलपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी की थेंब पसरायच्या आधीच सुकायचा आणि सगळी गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसायची. तेव्हा काचेवर आधी तोंडाची वाफ सोडायची. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं, सागरवालीनं शिकवलं. बाहेरून कुणी बघितलं तर वाटावं, दोन बायका आरशावर हाऽऽ करून राहिल्या.

मग रंग, मग सूक्ष्मदर्शकावरून फोटो. त्या काळी आमच्याकडे संगणक नव्हता. फोटो मोठा करून कैचीनं एकेक गुणसूत्र कापायचं आणि जोड्या लावून कागदावर चिकटवायचं. प्रत्येकावर आडवे पट्टे असतात, त्या पट्ट्यांवरून जोडी ओळखायची. माझी कैची पहिल्या दिवशी बघून मॅडम म्हणाल्या, "कहाँ से सीखा?" मी म्हटलं, "घरी, मॅडम." त्यांना वाटलं शिवणकाम.

ताईचं लग्न मी कॉलेजात असतानाच झालं होतं. सिवनीला, बस स्टँडजवळ. जीजाजींचं कोल्ड्रिंक आणि कुल्फीचं दुकान, वर घर. घरात सासू आणि ही दोघं. आमच्या मानानं मोठं घर. दुकानात त्यांचा स्वतःचा मोठा डीप फ्रीजर होता आणि सासूबाईंना त्या फ्रीजरचा फार अभिमान. आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी त्या म्हणायच्या, "आमच्याकडं काही खराब होत नाही वो. दूध आठ दिवस राहते."

ताईला दिवस राहायचे आणि तिसरा महिना लागायच्या आत गर्भ पडायचा. एकदा झालं, लोक म्हणाले होतं असं. दुसऱ्यांदा झालं, सासूबाईंनी विहारात दान दिलं आणि ताईला जड उचलू देईनाशा झाल्या. मी हे मुद्दाम लिहिते, कारण बाई वाईट नव्हती. पण पुढे तसंच होत गेलं आणि तिची भाषा बदलत गेली. "हिच्या पोटात टिकत नाही" हे वाक्य मी फोनवर मागून ऐकलं. मग, "जमीनच तशी असंल तर बीज काय करंल." मग एका दिवाळीत ताई एकटीच माहेरी आली आणि चुलीजवळ खाली मान घालून कणीक मळत म्हणाली, "गोंदियाची एक मुलगी बघून राहिले. यांच्यासाठी."

"जीजाजी काय म्हणतात?"

"ते काय म्हणतील. हसतात. सगळ्यावर हसतात."

मी लगेच दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये नेलं. मला काय वाटलं होतं, ते सांगते. मला वाटलं, हे तर माझंच काम आहे. ज्याच्यासाठी ताईनं सूप धरलं, तेच आता तिच्या कामाला येईल. मॅडमनी तिच्याशी बराच वेळ बोलून रक्त घेतलं. जाता जाता मला एकच सांगितलं, "अपनों की स्लाइड अपन नहीं देखते." ताईचं सगळं सागरवालीनं केलं.

ताईचं सगळं जागेवर होतं. शेहेचाळीस, जोड्या बरोबर, पट्टे बरोबर.

मी घरी येऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे माझ्यात दोष नाही?"

"यात तरी नाही."

"मग कोणात?"

मी म्हटलं, जीजाजींचंही बघावं लागेल. कदाचित त्यांचंही नीट असेल, कितीतरी जोडप्यांत दोघांचं नीट असतं आणि कारण सापडतच नाही. पण बघितल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. ताईनं एकदा आईकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "तू सिवनीला ये. मी हे नाही बोलू शकत तिथं."

थंडी तर गेली. मला सुटी मिळेपर्यंत उन्हाळा तोंडावर आला. मी गेले तेव्हा दुकानात गर्दी होती, जीजाजी बाटल्या उघडून राहिले होते. मला बघून ओरडले, "आइए साली साहिबा! खून पीने आई हैं ना? तुमची ताई बोलली मला. पहले लस्सी पी लो, खून बाद में."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. त्यांच्यावर राग धरणं अवघड होतं, हीच तर पंचाईत.

वर सासूबाईंनी मला नीट बसवलं, पोहे दिले. मग म्हणाल्या, "माझ्या पोराले काय झालं? घोड्यासारखा धावते. त्याचं रक्त काहून पाहिजे?"

मी सांगितलं. माणूस धडधाकट असूनही त्याच्या गुणसूत्रात फरक असू शकतो, त्याला स्वतःला कळतही नाही, फक्त मूल होताना अडचण येते. त्या ऐकून घेत होत्या, पण मी जसजशी बोलत गेले तसतशी त्यांची नजर माझ्यावरून ताईवर सरकली. जणू हे सगळं तिनंच मला पढवून पाठवलं होतं.

"आणि तुमचं मशीन सांगंल?"

"मशीन नाही आई, आम्ही बघतो. डोळ्यांनी."

"म्हणजे तूच बघशील."

"मी नाही. दुसरी मुलगी बघेल."

"तुमच्याच इथली ना?"

"हो," मी म्हटलं.

जीजाजी वर आले आणि म्हणाले, देतो, देतो, त्यात काय आहे. पण सीझन आहे, दुकान सोडून जबलपूरला येणं जमणार नाही. मी त्यासाठी तयारीनं गेले होते. हिरव्या झाकणाची नळी बरोबर होती. तिच्यात रक्त गोठू न देणारं औषध असतं. सिवनीतल्याच पॅथॉलॉजीवाल्याकडे रक्त काढायचं, नळी रुमालात गुंडाळायची आणि पहिल्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची. मी बस स्टँडवर उभी राहीन. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ताईला सांगितलं, जीजाजींना दोनदा सांगितलं, "थंड करायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही. बस."

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्यांनी रक्त दिलं. ताई त्या दिवशी चुलतसासूकडे बारशाला गेली होती. सासूबाईंनी मुद्दाम पाठवली नव्हती. घरातून कुणीतरी जायला हवं होतं, एवढंच. जीजाजींनी नळी घरी आणून आईच्या हातात दिली आणि ते दुकानात गेले.

सोमवारी बस आली. कंडक्टरनं खिडकीतून एक पिशवी माझ्या हातात दिली आणि ती हातात घेतल्याबरोबर मला कळलं. पिशवी थंड होती. आत बर्फाचा चुरा, कुल्फी पॅक करताना घालतात तसा, आणि त्यात नीट, अगदी मायेनं, स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली नळी.

सासूबाईंनी रात्रभर ती डीप फ्रीजरमध्ये ठेवली होती. एवढ्या गरमीत रक्त नासेल म्हणून. आमच्याकडं काही खराब होत नाही.

ताजं रक्त नळीत उभं ठेवलं की खाली लाल बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. ही नळी मी किती वेळ उभी धरून बसले. काही खाली बसत नव्हतं. फ्रीजरमध्ये बर्फ होऊन पेशी फुटल्या होत्या आणि सगळं रक्त वरपासून खालपर्यंत पारदर्शक लाल, रूहअफजासारखं झालं होतं. दिसायला सुंदर होतं.

मॅडमनी बघितलं आणि मान हलवली. मी म्हटलं, "मॅडम, लगा के तो देखें." त्यांनी नको म्हटलं नाही. कधी कधी माणसाला करू द्यावं लागतं. सागरवालीनं ते गुलाबी पाण्यात घातलं, कपाटात ठेवलं, आणि आम्ही तीन दिवस थांबलो. राज्याचे दोन तुकडे झाले आणि वीजघरं बरीचशी छत्तीसगडकडे गेली असं तेव्हा पानठेल्यावरही सांगायचे. कारण काही असो, वीज कधीही जायची. वीज गेली की आम्ही इन्व्हर्टरवरचे पंखे बंद करायचो आणि सगळी बॅटरी त्या कपाटाला द्यायचो. घामानं निथळत मी त्या कपाटाच्या काट्याकडे बघत बसायची. आत काही जिवंत नव्हतं हे मला माहीत होतं, तरी त्याला ऊब कमी पडू नये असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी काचा रिकाम्या निघाल्या. नुसता कचरा.

मी सिवनीला फोन केला. सांगितलं, फ्रीजरमध्ये रक्त गोठलं होतं, पुन्हा द्यावं लागेल. फोन सासूबाईंनी घेतला होता. त्या आधी घाबरल्या, "माझ्यानं झालं का?" असं अगदी लहान आवाजात म्हणाल्या. मी म्हटलं, चूक झाली, होते, पुन्हा देऊ. मी तिथं थांबायला हवं होतं की आणखी गोड बोलायला, मला आजही कळत नाही. आणि मग तो आवाज बदलला.

"आम्ही तर दिलं. जपून दिलं. दुधासारखं जपून दिलं. आता तुमच्याकडं गेल्यावर काय झालं ते आम्हाले काय माहीत? बहिणीचं बरोबर निघते आणि माझ्या पोराचं खराब होते, हे बरं आहे."

"आई, तसं नाही—"

"दुसऱ्यांदा देऊ अन् तुम्ही म्हणान दोष निघाला. तुमचीच लॅब, तुमचीच बहीण. काय म्हणून विश्वास ठेवू?"

आणि खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. जीजाजींमध्ये दोष नाही निघाला तर ताई त्या घरातून जाणार. निघाला तर मी खोटारडी. मी जे शिकले, ज्याच्यासाठी घरानं एवढं सोसलं, ते नेमकं माझ्याच बहिणीच्या बाबतीत कुणाला चालण्यासारखं नव्हतं. माझी नोकरी वेगळी असती, मी बँकेत असते, तर बरं झालं असतं असंही मला वाटून गेलं.

पुढचे महिने काहीच करता आलं नाही. ताईचे फोन कमी झाले. आई विचारायची, "काही होईल का गं?" मी म्हणायची, बघू. आई लोकांना अजून सांगायची, माझी पोरगी रक्तात पाहून सांगते मूल का होत नाही. मी तिला सांगितलं, नको सांगत जाऊ. ती म्हणाली, "काहून? खोटं आहे का?" खोटं नव्हतं. रोज बायका यायच्या, सासूबरोबर, आईबरोबर, कधी एकट्या. दंडावर पट्टी बांधली की विचारायच्या, "दीदी, मेरे में ही कुछ होगा ना?" मी रक्त काढायची. नवरे बाहेर आंब्याखाली स्कूटर लावून उभे असायचे किंवा नसायचेच.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस जीजाजी लॅबच्या दारात उभे. दुकानाचं सामान घ्यायला ते अधूनमधून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात यायचे. हातात कागदी कपांचं मोठं बंडल होतं. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं, कारण ते हसत नव्हते.

"ब्लड घेऊन टाका," म्हणाले.

"आईंना माहीत आहे?"

"तिनंच पाठवलं." ते बाकावर बसले, बंडल मांडीवर घेऊन. "गोंदियावाले म्हणून राहिले, पहिल्या बायकोचा रिपोर्ट नॉर्मल आहे असं ऐकलं, तर मुलाचाही दाखवा. मुलीचा बाप कंपाउंडर आहे. त्याला समजते."

म्हणजे ते रक्त ताईसाठी नव्हतं. दुसऱ्या लग्नासाठी होतं. आमच्या लॅबचा कागद, आमचाच शिक्का, घेऊन जीजाजी गोंदियाला जाणार. मी म्हटलं, "आणि ताई?"

ते बंडलाची सुतळी ओढत राहिले. "मी काय करू, तुम्हीच सांगा. दुकान आईच्या नावावर, घर आईच्या नावावर. मी कुल्फी विकतो." मग सवयीनं हसायला गेले, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं.

मी आत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटत होतं, त्या म्हणतील, असलं काम आपण करणार नाही. त्या म्हणाल्या, "मरीज़ है, आया है, करना पड़ेगा. और आप इस सैंपल को हाथ नहीं लगाएँगी. नळी भी नहीं." 'आप' म्हणाल्या, त्यावरून मी समजले. 'नळी' हा एक मराठी शब्द त्या माझ्याकडून शिकल्या होत्या.

सागरवालीनं रक्त काढलं. मी माझ्या दुसऱ्या कामाला लागले.

त्या तीन दिवसांत मला काय हवं होतं, हे लिहायलाच पाहिजे. मला जीजाजींमध्ये दोष हवा होता. ज्या माणसानं मला दर वेळी आधी लस्सी पाजली, त्याच्या शरीरात काहीतरी बिघडलेलं निघावं असं मी मनापासून मागत होते. आणि ते निघावं की न निघावं, यात माझा काडीचा हात नव्हता. जे असायचं ते त्यांच्यात ते जन्मायच्या आधीपासून होतं. कपाट माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर. मी ते उघडलंही नाही.

फोटो निघाले. सागरवाली माझ्या समोरच्या टेबलावर बसून कापत होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कैचीचा आवाज तर येतोच. ती भराभर जोड्या लावत गेली. मोठी झाली, मधली झाली. मग तिनं एक उचललं, चिकटवलं. थांबली. पुन्हा सोडवलं. दुसऱ्याच्या शेजारी धरून बघितलं. दुसरा फोटो घेतला, त्यातलं तेच कापलं, तिथंही तेच. मग ती मान खाली घालून मॅडमकडे गेली, माझ्याकडे न बघता, आणि तिच्या त्या न बघण्यावरून मला कळलं.

एका मोठ्या गुणसूत्राचा टोकाकडचा तुकडा तुटून दुसऱ्या एका लहान गुणसूत्रावर जाऊन बसला होता, आणि त्याचा तुकडा इकडे. काही हरवलं नव्हतं, काही जास्त नव्हतं, नुसती अदलाबदल. म्हणून तो माणूस ठणठणीत. पण मुलाला देताना अर्धंच दिलं जातं, आणि त्या अर्ध्यात कधी तुकडा कमी जातो, कधी जास्त. मग ते मूल टिकत नाही.

मॅडमनी आधी जीजाजींना एकट्यांना बोलावून सांगितलं. मग त्यांच्या संमतीनं ताईला सिवनीहून बोलावलं. ताईबरोबर सासूबाईही आल्या. मी त्या खोलीत जायचं नाही असं मॅडमनी सांगितलं होतं, पण दार जाळीचं होतं.

"आमच्या खानदानात असं कोणाले नाही," सासूबाई म्हणत होत्या.

"हो सकता है आप में हो, इनके पिताजी में रहा हो. पता नहीं चलता, माँजी," मॅडम म्हणाल्या. "किसी की गलती नहीं है."

"म्हणजे माझा माल खराब," जीजाजी म्हणाले.

"खराब नहीं. जगह बदल गई है."

"तेच ते, मॅडम. रॅक बदलला की गिऱ्हाइकाला वेगळीच बाटली जाते."

कुणी हसलं नाही. मग ताईचा आवाज आला, इतका सपाट की मी ओळखला नाही. "याच्यावर औषध काय?"

औषध नव्हतं. मॅडमनी समजावलं: एखादं मूल नीट होऊही शकतं, दिवस राहिले की नागपूरला जाऊन तपासता येईल, नशिबावर आहे. ताईनं सगळं ऐकलं आणि बाहेर आली. माझ्याजवळ उभी राहिली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा म्हणेल, बघ, माझ्यात नव्हतं. ती म्हणाली, "एवढं दिसते तुम्हाला, अन् जोडता नाही येत?"

"नाही ताई."

"एवढा लहान तुकडा?"

"नाही येत."

तिनं मान हलवली, दुकानात एखादी वस्तू नाही म्हटल्यावर हलवतात तशी.

सासूबाईंनी ते पुन्हा नागपूरला तपासून घेतलं. तिथंही तेच निघालं. त्यांनी आमची माफी वगैरे मागितली नाही आणि आम्हीही अपेक्षा केली नाही. गोंदियावाल्यांनी निरोप पाठवला की मुलगी अजून लहान आहे. ताई सिवनीला परत गेली, तिच्या मर्जीनं. मी म्हटलं होतं, राहा इथं. ती म्हणाली, "इथं राहून काय करू, पुन्हा सूप धरू?" त्यानंतरही तिला दिवस राहिले आणि गर्भ पडला, पुन्हा राहिले आणि पुन्हा पडला. प्रत्येक वेळी तिनं फोन करून मला सांगितलं आणि प्रत्येक वेळी मला माहीत होतं की का, आणि त्या 'का'चा तिला काही उपयोग नव्हता. मग एकदा म्हणाली, "आता बस." ती आता दुकानाच्या गल्ल्यावर बसते. जीजाजी अजून गिऱ्हाइकांना हसवतात, पण ती समोर असली की जरा कमी.

जीजाजींचा रिपोर्ट निघाला त्याच हिवाळ्यात मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, ज्या बाईचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तिचं एकटीचं रक्त आपण घ्यायचं नाही. नवरा बरोबर पाहिजे. मॅडम म्हणाल्या, औरतें लौट जाएँगी. मी म्हटलं, काही लौटतील, पण एकटीच्या नावावर रिपोर्ट घेऊन तर नाही जाणार. आम्ही वाद घातला. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. शेवटी त्या म्हणाल्या, करके देखते हैं.

सुरुवातीला बऱ्याच जणी परत गेल्या. त्यांतल्या काही पुन्हा आल्याच नाहीत, त्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि ते मला लागतं. बाकीच्या नवऱ्याला घेऊन आल्या.

मॅडम निवृत्त झाल्या. आता त्या प्रयोगशाळेचं तांत्रिक काम मी सांभाळते. आमच्याकडे आज नवरा-बायको दोघांचं रक्त एकाच दिवशी, एकाच टेबलावर घेतलं जातं आणि दोघांचा रिपोर्ट एकत्रच निघतो.